निरोपांची वही आणि यंत्रांचा तांडेल

मनुष्य समाज करून राहूं लागला तेव्हांपासून एकाचा निरोप दुसऱ्यास बिनचूक पोंचविणें हें एक मोठें कार्य होऊन बसलें आहे. निरोप्या वाटेंत अडला, निरोप विसरला, किंवा दोन निरोपांचा क्रम उलटला, तर राज्यें बुडतात आणि कुटुंबेंही बुडतात. जासूद, डाक, तार, दूरध्वनि अशा पायऱ्या चढत चढत आपण आतां अशा काळास पोंचलों आहों कीं, निरोप पाठविणारेंही यंत्र, नेणारेंही यंत्र आणि घेणारेंही यंत्रच. बँकेंतून पैसे काढले, आगगाडीचें तिकीट घेतलें, अथवा रुग्णाच्या रक्ताची तपासणी झाली, कीं प्रत्येक वेळीं एक लहानसा निरोप जन्मास येतो. आणि तो योग्य त्या सर्व ठिकाणीं, योग्य त्या क्रमानें पोंचला नाहीं तर कोणाचें तरी नुकसान ठरलेलेंच.

अशा निरोपांचा अखंड प्रवाह संभाळणारी जी यंत्रणा आज जगांत फार प्रचारांत आहे तिचें नांव काफ्का. आणि अशा यंत्रणा अनेक संगणकांवर बसवून त्यांची अहोरात्र देखरेख करणारी जी दुसरी यंत्रणा आहे तिचें नांव कुबरनेटीज. पहिलीची स्थापना दुसरीवर कशी करावी हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय वरवर पाहतां रुक्ष वाटेल. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस पुढें पोटापाण्यासाठीं हेंच काम करावें लागेल. आणि ज्यांस तें करावें लागणार नाहीं, त्यांचेही पैसे, तिकिटें व औषधें ह्याच वाटेनें जाणार आहेत. तेव्हां ही वाट कशी बांधलेली असते, व ती कोठें खचण्याचा संभव असतो, हें सर्वांनींच थोडेंबहुत जाणून घ्यावें हें बरें.

सोईसाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एक दूधसंघ आहे व त्याचीं शंभर गांवीं संकलन-केंद्रें आहेत. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालितात; प्रत्येकाच्या दुधाचें माप, फॅट व डिग्री तेथल्या यंत्रावर नोंदली जाते, आणि ती नोंद निरोपरूपानें संघाकडे जाते. ही एकच नोंद चौघांस पाहिजे असते: हिशेबनिसास दुधाचा पगार काढण्यासाठीं, टँकर धाडणारास दूध किती जमलें हें कळण्यासाठीं, तपासनिसास भेसळ ओळखण्यासाठीं, आणि खुद्द शेतकऱ्यास पावती म्हणून. आतां प्रत्येक केंद्र प्रत्येक घेणाराशीं परस्पर जोडावयाचें म्हटलें, तर शंभरांस चार ह्या प्रमाणें चारशें जोडण्या झाल्या. आणि उद्यां पांचवा घेणारा आला कीं आणखी शंभर वाढल्या! शिवाय एखाद्या घेणाराचें यंत्र तासभर बंद राहिलें, तर तेवढ्या तासाच्या नोंदी कोणीं जपून ठेवावयाच्या, हा प्रश्न राहतोच.

लिंक्डइन ह्या अमेरिकन कंपनीपुढें हीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर उभी राहिली होती. तेथील जे क्रेप्स, नेहा नारखेडे व जुन राव ह्या तिघां अभियंत्यांनीं तिच्यावर जो उपाय काढिला तोच काफ्का होय. इ. स. २०११ मध्यें ही यंत्रणा सर्वांस मोफत खुली करण्यांत आली व २०१२ मध्यें अपाची फाउंडेशन ह्या संस्थेच्या मुख्य प्रकल्पांत तिची गणना झाली. ह्या तिघांपैकीं नेहा नारखेडे ह्या मूळच्या पुण्याच्या असून त्यांचें अभियांत्रिकीचें पहिलें शिक्षण पुणें विद्यापीठांत झालें, ही गोष्ट आपणां मराठी भाषकांस अभिमानाची आहे. यंत्रणा मुख्यतः लिहून ठेवण्याच्या कामाची, म्हणून क्रेप्स ह्यांनीं तिला आपल्या आवडत्या लेखकाचें, फ्रान्झ काफ्का ह्याचें, नांव दिलें. पुढें तिचा प्रसार इतका झाला कीं, २०१९ मध्यें एकट्या लिंक्डइनमध्यें दररोज ७ लक्ष कोटींवर निरोप तिच्यांतून जात असल्याचें त्या कंपनीनें प्रसिद्ध केलें. आणि न्यूयॉर्क टाइम्स ह्या पत्रानें १८५१ पासूनचे आपले सर्व लेख ह्याच यंत्रणेंत क्रमवार सांठवून ठेविल्याचें २०१७ मध्यें जाहीर केलें.

काफ्काची मूळ कल्पना अगदीं साधी आहे. ती म्हणजे वाण्याच्या रोजकीर्दीची. रोजकीर्दींत नवी नोंद नेहमीं शेवटींच होते. झालेली नोंद खोडीत नाहींत आणि दोन ओळींच्या मध्यें तिसरी घुसडीत नाहींत. काफ्कामध्यें अशा प्रत्येक वहीस टॉपिक म्हणतात. वही मोठी झाली म्हणजे तिचे अनेक भाग करितात. त्या भागास पार्टिशन असें नांव आहे. भागांतील प्रत्येक ओळीस अनुक्रमांक असतो, त्यास ऑफसेट म्हणतात. वाचल्यामुळें ओळ पुसली जात नाहीं. हिशेबनीस ५००० व्या ओळीपर्यंत आला असेल, तपासनीस ४२०० व्या ओळीवरच रेंगाळत असेल. ज्याची त्याची खूण निराळी. एखाद्याचें यंत्र बंद पडलें तर तें पुन्हां सुरू झाल्यावर आपल्या खुणेपासून पुढें वाचूं लागतें. ओळी किती दिवस ठेवावयाच्या हें आपण ठरवावें. कांहींच ठरविलें नाहीं तर १६८ तास, म्हणजे सात दिवस, त्या ठेविल्या जातात. चारशें जोडण्यांच्या ठिकाणीं आतां लिहिणारे शंभर व वाचणारे चार, अशा एकशेंचार जोडण्या पुरतात. आणि पांचवा वाचक आला तर एकच वाढते.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावयाची. क्रमाची हमी एका भागापुरतीच असते, सर्व वहीपुरती नसते. म्हणून कोणती नोंद कोणत्या भागांत जावी हें ठरविण्यासाठीं प्रत्येक निरोपास एक किल्ली जोडितात. आमच्या उदाहरणांत शेतकऱ्याचा सभासद-क्रमांक ही किल्ली ठेवावी. म्हणजे एका शेतकऱ्याच्या सर्व नोंदी एकाच भागांत, आल्या त्या क्रमानें राहतील. आधीं आठ लिटरांची नोंद, मागाहून ‘आठ नव्हे, नऊ’ अशी दुरुस्ती, हा क्रम उलटला तर त्या गरिबाचें एक लिटर दूध हिशेबांतून नाहींसें होईल. भागांची संख्या मागाहून वाढवितां येते, पण कमी करितां येत नाहीं. आणि वाढविली तर किल्ल्यांची वांटणी बदलून जुन्या व नव्या नोंदी निरनिराळ्या भागांत पडतात. तेव्हां ही संख्या आरंभींच विचारपूर्वक ठरवावी.

वही एकाच संगणकावर ठेविली तर तो संगणक बिघडला कीं सर्वस्व गेलें. ह्यासाठीं काफ्का अनेक संगणकांवर पसरतात. त्यांतील प्रत्येक कारभाऱ्यास ब्रोकर म्हणतात, आणि सर्वांच्या समूहास क्लस्टर. प्रत्येक भागाच्या सामान्यतः तीन प्रती तीन ब्रोकरांकडे असतात. त्यांपैकीं एक पुढारी व बाकीचे दोन अनुयायी; लिहिणारा पुढाऱ्याकडेच लिहितो व अनुयायी त्याच्याकडून नक्कल करून घेतात. निरोप ‘पोंचला’ असें केव्हां म्हणावयाचें? पुढाऱ्यानें घेतला एवढ्यावर पावती दिली, आणि नक्कल होण्यापूर्वींच पुढारी पडला, तर पावती खरी पण निरोप नाहींसा, असा प्रकार व्हावयाचा. म्हणून असा नियम ठेवितात कीं, पुढाऱ्याच्या बरोबरीनें चालत असलेल्या सर्व प्रतींवर नोंद उतरल्याखेरीज पावती द्यावयाची नाहीं, आणि अशा प्रती कमींत कमी दोन असल्या पाहिजेत. तीन प्रती व किमान दोन, ह्या जोडीचें मर्म असें: एक ब्रोकर पडला तरी लिहिणें चालू राहतें, दोन पडले तर यंत्रणा नवें लिहून घेण्याचें साफ नाकारते, पण खोटी पावती देत नाहीं. किमान तीन ठेविल्या तर एक ब्रोकर दुरुस्तीस काढतांच सर्व काम अडेल. किमान एक ठेविली तर पावतीस अर्थ राहणार नाहीं. परंतु काफ्का जसा मिळतो तसाच बसविला, तर प्रतींची संख्याही १ आणि किमान संख्याही १ असते! हे दोन आंकडे बदलावयाचे राहिले तर यंत्रणा दिसावयास उत्तम चालते, आणि पहिल्याच अपघाताच्या दिवशीं सत्य बाहेर पडतें.

पुढारी पडला असतां नवा कोणीं नेमावयाचा? हें काम कंट्रोलर नांवाचे दुसरे कारभारी बहुमतानें करितात. तिघांत दोघांचें मत लागतें, म्हणून तिघे असतांना एक पडला तरी चालतें. पांच असतांना दोघे पडले तरी चालतें. चार ठेवण्यांत मात्र कांहीं लाभ नाहीं. कारण चौघांत बहुमतास तिघे लागतात, म्हणजे तेथेंही एकच पडलेला सोसतो. पूर्वीं हें काम झूकीपर नांवाच्या वेगळ्या यंत्रणेकडे असे. मार्च २०२५ मध्यें निघालेल्या काफ्काच्या ४.० ह्या आवृत्तीपासून ती पद्धति बंद झाली आहे. सबब जुन्या पुस्तकांवरून नवी मांडणी करणारांनीं जपून असावें.

आतां दुसऱ्या यंत्रणेकडे वळूं. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅक्लीन ह्यांचें आयडियल-एक्स नांवाचें जहाज ५८ मोठ्या पेट्या घेऊन अमेरिकेंतील नेवार्क बंदरांतून ह्यूस्टनकडे निघालें, आणि मालवाहतुकीचें रूपच पालटलें. पेटींत काय आहे ह्याची पंचाईत यारीस करावी लागत नाहीं. पेटीचें माप ठरलेलें असलें म्हणजे झालें. संगणकाच्या जगांतही हीच युक्ति आली. एखादा कार्यक्रम चालविण्यास जें जें लागतें तें सर्व एका बंद पेटींत भरून ठेवितात. तिलाही कंटेनर असेंच म्हणतात. कोणत्याही संगणकावर ती पेटी ठेवावी, आंतील कार्यक्रम सारखाच चालतो. पेट्या थोड्या असतील तर मनुष्य त्या हातानें मांडील. परंतु शेंकडों संगणकांवर हजारों पेट्या झाल्या म्हणजे कोणी तरी कर्णधार पाहिजे. गूगलनें २०१४ मध्यें प्रसिद्ध केलेली कुबरनेटीज ही यंत्रणा तें काम करिते. हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ सुकाणूं धरणारा, आपल्या कोंकणच्या भाषेंत तांडेल, असा आहे. प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायांत पौलाच्या तारवाच्या ज्या तांडेलाचा उल्लेख आहे, त्यास मूळ ग्रीकांत हाच शब्द योजिला आहे.

ह्या तांडेलास काम सांगण्याची रीत ध्यानांत घेण्यासारखी आहे. ‘आधीं हें कर, मग तें कर’ असे हुकूम त्यास देत नाहींत. तर शेवटीं स्थिति कशी असावी हें लिहून देतात. ‘अमुक पेटीच्या तीन प्रती चालू असाव्या’ असें लिहिलें, कीं तो सारखा मोजीत राहतो. एक पडली तर दुसरी उभी करितो, चौथी दिसली तर बंद करितो. एक किंवा अधिक पेट्यांच्या अशा लहानांत लहान घटकास पॉड म्हणतात, आणि ज्या संगणकावर तो चालतो त्यास नोड. परंतु एवढें विसरूं नये कीं, हा तांडेल लिहून दिलें तेवढेंच जाणतो. पौलाच्या तारवावरही शताधिपतीनें तांडेलावर भरंवसा ठेविला, आणि तारूं वादळांत सांपडलें. सुकाणूं चांगलें धरतां येणें निराळें, आणि ह्या ऋतूंत निघावें कीं नाहीं हें जाणणें निराळें.

ह्या दोन यंत्रणांचा मेळ घालण्यांत खरी अडचण आहे ती त्यांच्या स्वभावांची. कुबरनेटीजच्या दृष्टीनें सर्व पॉड सारखे. एक गेला तर दुसरा, नांव निराळें, पत्ता निराळा, ठिकाण निराळें, तरी हरकत नाहीं. पानपोईवर पाणी देणारा बदलला तर वाटसरूचें कांहीं अडत नाहीं, तसेंच हें. परंतु काफ्काचा ब्रोकर म्हणजे पानपोईवरचा गडी नव्हे. तो दप्तर संभाळणारा कारकून आहे. तो गेला आणि त्याच्या जागीं रिकाम्या हातांचा नवा आला, तर दप्तर कोठून आणावयाचें? म्हणून ब्रोकरास तीन गोष्टी कायमच्या लागतात: नांव, दप्तर व पत्ता.

कुबरनेटीजमध्यें ह्याची सोय स्टेटफुलसेट ह्या रचनेनें केली आहे. तिच्यांत पॉडांस शून्यापासून क्रमांक दिलेले असतात. ब्रोकर क्रमांक १ पडला तर त्याच्या जागीं येणारा पॉडही क्रमांक १ च असतो व तीच डिस्क त्याच्या स्वाधीन होते. डिस्क ही पॉडाची नसून स्वतंत्र असते. पॉडानें तिच्यावर हक्क सांगावयाचा असतो. पॉड मेला तरी हक्क उरतो, म्हणून दप्तर उरतें. जाळ्यावरून जोडलेली डिस्क असेल तर पॉड त्याच विभागांतील दुसऱ्या नोडवर गेला तरी ती त्याच्यामागून जाते. नोडच्या पोटांतलीच डिस्क असेल तर वेग अधिक मिळतो, पण नोड बिघडल्यास ती प्रत इतर ब्रोकरांकडून पुन्हां नकलून घ्यावी लागते. ह्यांपैकीं काय पत्करावयाचें हें आपल्या ऐपतीवर व गरजेवर आहे.

तथापि केवळ नांव व दप्तर राखल्यानें कारभार चालत नाहीं. कोणता ब्रोकर केव्हां थांबवावा, प्रमाणपत्रें केव्हां बदलावीं, हें ज्ञान तांडेलास नसतें. तें ज्ञान एका कार्यक्रमांत घालून तांडेलाच्या हाताखालीं बसवितात. त्यास ऑपरेटर म्हणतात. काफ्कासाठीं स्ट्रिम्झी नांवाचा ऑपरेटर मोफत उपलब्ध असून बराच प्रचारांत आहे. तो स्टेटफुलसेटऐवजीं त्याच धर्तीची स्वतःची रचना वापरतो, तत्त्व तेंच.

प्रत्यक्ष मांडणीचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा. प्रथम काफ्कासाठीं कुबरनेटीजमध्यें एक वेगळी जागा आंखून घ्यावी व तींत ऑपरेटर बसवावा. मग दोन गट लिहून द्यावे: तीन कंट्रोलरांचा एक व तीन ब्रोकरांचा दुसरा. लहान प्रयोगासाठीं एकाच पॉडाकडून दोन्ही कामें करवितां येतात. परंतु जेथें लोकांचा हिशेब आहे तेथें तीं वेगळीं असलेलीं बरीं. त्यानंतर प्रत्येक गटास डिस्क किती, तें लिहावें. क्षणिक आणि कायम असे डिस्कचे दोन प्रकार लिहितां येतात. नमुन्यादाखल मिळणाऱ्या कित्येक मसुद्यांत क्षणिक प्रकार असतो, व तो पॉडाबरोबरच नाहींसा होतो. तो मसुदा तसाच उचलूं नये.

डिस्क किती लागेल ह्याचा हिशेब कठीण नाहीं. आमच्या दूधसंघांत दररोज २ लक्ष नोंदी होतात व प्रत्येक नोंद १ किलोबाइटची आहे असें धरलें, तर दररोज सुमारें २०० मेगाबाइट होतात. सात दिवसांचे १,४०० मेगाबाइट, आणि तीन प्रतींचे ४,२०० मेगाबाइट, म्हणजे अवघे ४ गिगाबाइटांच्या आसपास. हा आंकडा पाहून चतुर विद्यार्थी विचारील कीं, एवढ्यासाठीं तीन संगणक कशाला? एकाच्याही कोपऱ्यांत हें मावेल! त्यास उत्तर असें कीं, येथें तीन संगणक जागेसाठीं नसून विश्वासासाठीं आहेत. तथापि डिस्क घेतांना चांगला ओलावा ठेवूनच घ्यावी. कारण मागणी पुष्कळ ठिकाणीं वाढवितां येते, पण कमी करितां येत नाहीं, आणि डिस्क तुडुंब भरली म्हणजे ब्रोकर बंदच पडतो.

ह्यापुढची पायरी अत्यंत महत्त्वाची आहे. काफ्का प्रत्येक नोंद तत्काळ डिस्कवर उतरविण्याची वाट पाहत नाहीं. ती प्रथम संगणकाच्या स्मृतींत असते व सवडीनें डिस्कवर जाते. त्याच्या वेगाचें हें एक रहस्य आहे. नोंद सुरक्षित आहे असें तो मानतो तें ती एकाहून अधिक ब्रोकरांच्या स्मृतींत आहे म्हणून. आतां तिन्ही ब्रोकर एकाच नोडवर बसले, किंवा तिन्ही नोड एकाच विजेच्या तारेवर असले, तर एका झटक्यासरशीं तिन्ही स्मृति पुसल्या जातील. तीन प्रती नांवालाच तीन! तांडेलास हें आपण होऊन कळत नाहीं. म्हणून ब्रोकर निरनिराळ्या नोडांवर, आणि शक्य तर निरनिराळ्या इमारतींत असावे, असें त्यास लिहून द्यावें. आणि कोणता ब्रोकर कोठें आहे हें काफ्कासही कळवावें, म्हणजे तो एका भागाच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणीं वांटील.

मग पत्त्याची गोष्ट. नवख्या मनुष्याचा सर्वांत अधिक वेळ खाणारी अशी ही बाब आहे. साधारण कार्यक्रमाच्या दारीं एकच द्वारपाल उभा करितात. तो आलेल्यास कोणत्याही रिकाम्या पॉडाकडे धाडतो. काफ्काचें तसें नाहीं. लिहिणारा प्रथम कोणत्याही ब्रोकरास विचारतो, ‘अमुक भागाचा पुढारी कोण व तो राहतो कोठें?’ ब्रोकर त्यास पत्ता सांगतो, व लिहिणारा थेट त्या पत्त्यावर जातो. हा पत्ता क्लस्टरच्या आंतल्या लोकांपुरताच असला, तर बाहेरच्या गांवांतील केंद्रास पहिला प्रश्न विचारतां येईल, उत्तरही मिळेल, परंतु त्या उत्तराच्या पत्त्यावर जातां येणार नाहीं. वाड्यांतल्या माणसानें ‘माजघरांत या’ म्हणावें आणि पाहुण्यास वाड्याची वेसच ठाऊक नसावी, तशी गत होते. म्हणून आंतल्यांसाठीं एक पत्ता व बाहेरच्यांसाठीं दुसरा, असे प्रत्येक ब्रोकराचे दोन पत्ते जाहीर करावे. बाहेरचे पत्ते भारवाटप यंत्रांच्या द्वारें दिले, तर तीन ब्रोकरांचीं तीन व पहिल्या विचारपुशीसाठीं एक, अशीं चार लागतात. त्यांचा खर्च आधींच जमेस धरावा. बाहेरचें दार उघडलें कीं कुलूपही आलेंच. निरोप सांकेतिक रूपांत जावे, प्रत्येक केंद्रास त्याचें ओळखपत्र असावें, आणि ज्यास लिहावयाचें त्यास लिहिण्यापुरताच, ज्यास वाचावयाचें त्यास वाचण्यापुरताच अधिकार द्यावा. स्ट्रिम्झी हीं प्रमाणपत्रें स्वतः तयार करितो. वेगळें कांहीं न लिहिल्यास तीं ३६५ दिवस चालतात, व मुदत संपण्यापूर्वीं ३० दिवस तो तीं नवीं करितो.

अशा रीतीनें क्लस्टर उभा राहिला म्हणजे काम संपलें असें नव्हे. संभाळणें हेंच मुख्य काम. नवी आवृत्ति बसविणें असो वा नोडची दुरुस्ती असो, ब्रोकर एका वेळीं एकच थांबवावा, आणि तो परत येऊन त्याच्या मागें पडलेल्या सर्व प्रती बरोबरीस आल्याखेरीज दुसऱ्यास हात लावूं नये. कुबरनेटीजला ‘एकाहून अधिक ब्रोकर एकदम काढूं नयेत’ अशी ताकीद लिहून देतां येते. ती अवश्य द्यावी. मात्र ती ताकीद समजून उमजून केलेल्या कामासच लागू असते. अकस्मात् येणाऱ्या अपघातास ताकीद नाहीं. पॉड थांबवितांना तांडेल त्यास आवरासावरीसाठीं ३० सेकंद देतो व मग बळेंच बंद करितो. मोठें दप्तर संभाळणाऱ्या ब्रोकरास एवढा वेळ पुरत नाहीं. तो वाढवून द्यावा. तसेंच, अर्धवट बंद पडलेला ब्रोकर पुन्हां उठला म्हणजे आपलें दप्तर तपासूं लागतो, व त्यास कांहीं मिनिटें लागतात. तेवढ्यांत ‘हा उत्तर देत नाहीं, म्हणजे मेला’ असें समजून तांडेलानें त्यास पुन्हां मारलें, तर तो कधींच उभा राहणार नाहीं. म्हणून प्रकृतीची चौकशी करणाराच्या अंगीं धीर असावा. स्मृतीविषयींही असेंच: सगळी स्मृति काफ्काच्या कार्यक्रमासच बांधून दिली, तर नोंदी तात्पुरत्या ठेवण्यास संगणकाजवळ जागा उरत नाहीं व वेग मंदावतो. कार्यक्रमास थोडी व बाकीची मोकळी, हें धोरण बरें.

मांडणी खरी उतरली कीं नाहीं हें पाहण्याचा एकच मार्ग आहे: कोणाचें नुकसान होण्याजोगें नसतांना आपणच अपघात घडवून आणावा. निरोप चालू असतांना एक पॉड काढून टाकावा. मग एक संपूर्ण नोड बंद करावा. मग पाठविलेले निरोप व मिळालेले निरोप मोजून ताडून पाहावे. ताडतांना कांहीं निरोप दोनदां आलेले आढळतील, ह्याचें आश्चर्य मानूं नये. वाचकानें नोंद हिशेबांत घेतली, पण आपली खूण पुढें सरकविण्यापूर्वींच तो पडला, तर उठल्यावर तीच नोंद पुन्हां वाचतो. म्हणून प्रत्येक नोंदीस स्वतःचा क्रमांक देऊन, एकदां घेतलेली नोंद पुन्हां आल्यास ती ओळखून सोडून देण्याची जबाबदारी हिशेबाच्या कार्यक्रमावर ठेवावी.

कोणी म्हणेल, तीन प्रती आहेत, मग भय कसलें? भय मनुष्याचें आहे. कोणी चुकीनें संपूर्ण वहीच काढून टाकिली, तर तिन्ही ब्रोकर ती आज्ञा इमानानें पाळतात. नक्कल ही बिघाडापासून राखते, चुकीच्या आज्ञेपासून नाहीं. डिस्कवरील हक्क रद्द झाला कीं डिस्कही पुसून टाकावी, हाच कुबरनेटीजमध्यें मागणीप्रमाणें तयार होणाऱ्या डिस्कांचा सर्वसाधारण नियम आहे. तो बदलून ‘राखून ठेवावी’ असा करितां येतो, व महत्त्वाच्या दप्तरासाठीं तसा करावा. शिवाय नोंदींची एक प्रत ह्या क्लस्टरच्या बाहेर, दुसऱ्याच ठिकाणीं असावी. आणि हेंही सांगितलें पाहिजे कीं, ज्या संस्थेचा कारभार दिवसाच्या कांहीं हजार नोंदींचा आहे, वाचणारा एकच आहे आणि रात्री उठून पाहणारा कोणी नाहीं, तिनें हा सर्व पसारा मांडूं नये. एक साधा माहितीकोश व त्याची रोजची प्रत तिला पुरेशी आहे.

पौलाच्या तारवाची कथा शेवटीं कशी संपते हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तारूं किनाऱ्यापाशीं फुटलें, गहूं समुद्रांत गेला. परंतु त्यावरील २७६ माणसांपैकीं एकही दगावला नाहीं. यंत्रणा उभारणाऱ्यानें मनाशीं हाच विवेक बाळगावा. पॉड जातील, नोड जातील, कधीं संपूर्ण इमारतीचे दिवे जातील. तें सर्व तारूं होय, व तें पुन्हां बांधतां येतें. दूरच्या गांवीं पहांटे उठून, म्हैस पिळून, किटली घेऊन केंद्रावर आलेल्या बाईच्या नऊ लिटरांची नोंद हें त्या तारवावरचें माणूस होय. तिला ब्रोकर म्हणजे काय तें कळत नाहीं, व कळण्याचें कारणही नाहीं. दहा दिवसांनीं येणाऱ्या पगारांत तें दूध दिसलें म्हणजे झालें. तें दिसावें म्हणून प्रतींची संख्या तीन, किमान दोन, डिस्क कायमची, आणि ब्रोकर निरनिराळ्या ठिकाणीं, ह्या चार ओळी कोणी तरी लक्षपूर्वक लिहिल्या पाहिजेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्याच्या हातीं पुढें हें काम येईल, त्यानें त्या चार ओळी लिहितांना तिची आठवण ठेवावी.